ओळंबा सर

कवायतीच्या सरांना 'ओळंबा' हे नाव एका गवंड्याच्या मुलीनं ठेवलं. भिंत सरळ चढतेय की नाही ते बघायला बाबा दोरीला वजन बांधून खाली सोडतात, त्याला ओळंबा म्हणतात, असं तिनं वर्गात सांगितलं आणि मधल्या सुट्टीपर्यंत ते नाव शाळाभर झालं. सरांच्या कानावर गेलं तेव्हा ते रागावले नाहीत. मनातून सुखावलेच. मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या खोलीत काही कामानं गेले, तरी आधी भिंतीवरच्या फोटोची चौकट सारखी करायचे आणि मग बोलायला सुरुवात. घरी बायको म्हणायची, "मला बघायला आलात तेव्हा माझा भांग सरळ होता म्हणून निभावलं. नाहीतर दारातूनच परत गेला असता."

हा सोस उगाच नव्हता. सरांचे वडील गोदामात पोती वाहायचे. चाळिशीतच त्यांची पाठ इतकी वाकली की रस्त्यात भेटलेल्या माणसाची आधी चप्पल दिसायची, तोंड नंतर. वडिलांबरोबर चालताना लहानपणी सरांना लाज वाटायची, आणि लाज वाटली याची पुढे जन्मभर टोचणी लागली. या दोन्हींतून त्यांनी एकच गोष्ट उचलली. आपल्या हाताखालून जाणारं एकही पोर वाकणार नाही. मैदानावर ते दोरी ताणून मुलांचे अंगठे तिला लावायचे, हातात लाकडी रूळ असायचा, पण त्या रुळाचा मार कुणी खाल्ला नव्हता. खांद्याला, कोपराला नुसता टोचायचा. बूट फाटलेलं पोर दिसलं तर दुसऱ्या दिवशी त्याच्या मापाचे बूट गुपचूप त्याच्या दप्तराखाली ठेवलेले असायचे. मुलं त्यांना घाबरायची आणि त्यांच्यावर जीवही टाकायची.

सहावीत एक मुलगी होती. उंच, काटकुळी, एका सुट्टीत वीतभर वाढून आलेली. तिची आई पावाच्या बेकरीत कामाला, पहाटे पाचला घराबाहेर पडायची. बाप मालाचा ट्रक चालवायचा, आठवड्यातले चार दिवस गावाबाहेर. मुलगी गुणाची. आपली आपण उठायची, अंघोळ उरकायची, वेणी घालायची, दाराला कुलूप लावून शाळेत यायची. दहा वर्षांची झाल्यापासून तिची उघडी पाठ कुणी बघितली नव्हती, कारण बघायची वेळच आली नव्हती.

वार्षिक खेळांच्या दिवशी शाळेचं संचलन असायचं. चोवीस मुलं निवडायची, आणि त्यांत नाव लागणं म्हणजे वर्षभराची मिरवणूक. त्या मुलीचं नाव लागलं. दुसऱ्या रांगेत, डावीकडून तिसरी. पहिल्याच दिवशी सरांच्या डोळ्यांत ती खुपली. तिचा उजवा खांदा वर होता.

"उजवा खांदा खाली!"

तिनं खाली घेतला. चार पावलं गेली आणि खांदा पुन्हा वर.

"खाली म्हटलं ना!"

असं आठवडाभर चाललं. सरांना वाटलं, पोरगी आगाऊ आहे, मुद्दाम करतेय. मग एके दिवशी त्यांच्या तोंडून निघालं, "ए तिरपे! सरळ हो की!" मैदान हसलं. त्या दिवसापासून तिचं खरं नाव फक्त हजेरीपुरतं उरलं.

आणखी दोन दिवसांनी त्यांनी तिला रांगेतून बाहेर बोलावलं. "जिला स्वतःचे खांदे सांभाळता येत नाहीत, तिनं दुसऱ्यांची रांग बिघडवू नये. जा, बाकावर बस."

ती जागची हलली नाही. हळूच म्हणाली, "सर, मी सरळच उभी आहे."

"मग काय माझे डोळे वाकडे आहेत?"

पुन्हा सगळे हसले. तीही हसली. चारचौघांत अपमान झाला की पोरं जसं हसतात, तसं. मग जाऊन बाकावर बसली.

पुढची दोन वर्षं सर तिला रोज बघत होते. आणखी कुणी बघितलं नसेल इतकं बघत होते. प्रार्थनेला उभी राहिली की तिच्या स्कर्टची कड एका बाजूनं चार बोटं वर दिसायची. ऐन उन्हाळ्यात ती स्वेटर घालून यायची. नळावर पाणी प्यायला वाकली की पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसायची, आणि तेवढ्यात ती ताठ व्हायची. सरांच्या मनात एकच उत्तर ठरलेलं होतं. पोक काढायची सवय. दप्तर एकाच खांद्यावर टाकते, त्याचा परिणाम. त्यांनी तीन वेळा तिच्या डायरीत लाल शाईनं लिहिलं, 'मुलीला सरळ उभं राहण्याची सवय लावावी.' तीनही वेळा खाली आईची सही आली. विषय संपला.

आठवीच्या सुरुवातीला ती दहा दिवस शाळेत आली नाही. अकराव्या दिवशी तिची आई मोठ्या बाईंच्या खोलीत येऊन बसली. नखांच्या कडांना पीठ सुकलेलं, कामावरून तशीच उठून आलेली. मोठ्या बाईंनी सरांना बोलावून घेतलं.

"ताप आला होता हो तिला," आई सांगू लागली. "उतरेना, म्हणून ओल्या फडक्यानं अंग पुसायला घेतलं. नको नको म्हणत होती, फ्रॉक घट्ट धरून बसली. मी दटावून काढला. पाठीवरून हात फिरवला तर हात अडखळला. उजवीकडे फासळ्यांचा उंचवटा आणि डावीकडे खोलगट. मी तीन वर्षांनी माझ्या लेकीची पाठ बघत होते, सर. मला वाटलं, मी दुसऱ्याच कुणाच्या पोरीला हात लावलाय."

मोठ्या हॉस्पिटलात एक्स-रे काढला होता. कणा इंग्रजी एस अक्षरासारखा वळला होता. बासष्ट अंश. वाढीच्या वयात काही मुलांचा कणा असा वळत जातो, मुलींचा जास्त, आणि बहुतेक वेळा तो का वळतो ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. दप्तरानं नाही, बसण्या-उठण्यानं नाही, कुणाच्या चुकीनं नाही. दुखतही नाही, म्हणून पोर तक्रार करत नाही. आता ऑपरेशनला पर्याय नव्हता. वळण एवढं वाढलेलं, त्यामुळे ऑपरेशनही मोठं, आणि धोकाही त्या मानानं.

"दोन वर्षांपूर्वी आणली असतीत तर कमरेपासून काखेपर्यंतच्या पट्ट्यावर कदाचित भागलं असतं, असं म्हणाले," आई म्हणाली, आणि मग सरांकडे वळून तिनं हात जोडले. "सर, तुम्हीच तेवढे सांगत होतात. तीन-तीनदा लिहून पाठवलंत, सरळ उभी राहत नाही म्हणून. अख्ख्या दुनियेत एका तुमच्या लक्षात आलं होतं. मी मेली सही करून झोपायचे. तुमचे उपकार—"

"नका," सर म्हणाले. "नका हो ताई, तसं म्हणू नका."

तिला वाटलं, सर विनयानं बोलतायत. मोठ्या बाईंनाही तसंच वाटलं. खरं काय ते सांगायला सरांनी तोंड उघडलं. समोरच्या बाईचे हात अजून जोडलेलेच होते. सर उठून बाहेर गेले.

घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, तुम्ही काय डॉक्टर आहात? आईला कळलं नाही, बापाला कळलं नाही."

"त्यांनी बघितलंच नव्हतं गं. मी बघितलं होतं. रोज."



ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी सर हॉस्पिटलात गेले. लांबलचक वॉर्ड, दोन्ही बाजूंना लोखंडी खाटा. खिडकीजवळच्या खाटेवर ती उशीला टेकून बसली होती. सरांना बघताच तिचा हात आपोआप उजव्या खांद्याकडे गेला आणि तिनं तो खाली दाबला. सरांना ते दिसलं. जन्मात बघितलेल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा ते त्यांना जास्त लागलं.

आई चहा आणायला म्हणून उठली. सर स्टुलावर बसले. येताना पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना.

"मी तुझी माफी मागायला आलोय," ते कसंबसं म्हणाले. "तुला सगळ्यांसमोर नको ते बोललो. ते नाव ठेवलं."

"नावाचं काही नाही सर. सगळ्यांनाच नावं आहेत. तुम्हालापण आहे." ती चादरीचा दोरा ओढत होती. मग म्हणाली, "सर, मी घरी प्रॅक्टिस करायचे."

"कसली?"

"सरळ उभं राहायची. आई गेली की कपाटाच्या दाराला पाठ लावून उभी राहायचे. सगळी पुस्तकं दप्तरात भरून ते उजव्या खांद्याला अडकवायचे, म्हणजे तो खाली येईल. शाळेची वेळ होईपर्यंत. सुट्टीच्या दिवशी दोनदा."

"कधीपासून?"

"तुम्ही बाकावर बसवलंत ना, त्या दिवसापासून. मला वाटलं, सातवीत तरी घ्याल."

सरांनी स्टूल खाटेजवळ ओढलं.

"रोज करूनपण वाढतच गेलं," ती म्हणाली. "मला वाटायचं, मी आळशी आहे. माझं मन लागत नाही म्हणून होत नाही." मग तिनं विचारलं, "डॉक्टर म्हणाले, ते माझ्या हातात नव्हतंच. खरंय का सर?"

"खरंय. तुझी काहीच चूक नव्हती, बाळ."

 तेरा वर्षांची पोर, आवाजात राग नव्हता. गणित सोडवावं तशी बोलली.

"मग तुम्हाला कळायला हवं होतं."

आई चहाचे कप घेऊन आली. सर चहा न घेताच उठले.

ऑपरेशन सात तास चाललं. कण्याला दोन्ही बाजूंनी सळ्या बसवल्या, स्क्रूंनी आवळल्या. कणा बराचसा सरळ झाला. पण शुद्धीवर आल्यावर तिला डावं पाऊल उचलता येईना. हे क्वचित होतं, सही घेताना डॉक्टरांनी सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आत नेलं. आठवडे गेले, महिने गेले. गुडघ्यापर्यंत ताकद परत आली, पाऊल मात्र लोंबतंच राहिलं. बुटाच्या आत प्लास्टिकची पट्टी घालून चालावं लागणार होतं. एवढ्या काळात सर दर शनिवारी हॉस्पिटलच्या दारापर्यंत जात आणि फाटकावरच्या माणसाकडे तिची चौकशी करून परत फिरत. आत जायचं धाडस झालं नाही. मग एका शनिवारी तो माणूस म्हणाला, "कालच घरी सोडलं." पुढच्या महिन्यात ते कुटुंब मावशीच्या गावी राहायला गेलं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मोठ्या बाईंनी सही केली तेव्हा सर समोरच उभे होते. भिंतीवरची चौकट जरा कलली होती. त्यांनी हात लावला नाही.

दाखला दिला त्या आठवड्यातल्या शनिवारी सर पुन्हा हॉस्पिटलात गेले, पण फाटकावरून परत न फिरता आत शिरले आणि तिचं ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांच्या खोलीबाहेर रांगेत बसले. नंबर आला तेव्हा म्हणाले, "मी पेशंट नाही. शाळेत कवायत शिकवतो. हे आधी कसं ओळखायचं, तेवढं मला दाखवा."

डॉक्टर दमलेले होते, पण उठले. स्वतःच कमरेतून पुढे वाकले, दोन्ही तळवे जोडून हात खाली सोडले. "पोराला उघड्या पाठीनं असं वाकायला सांगायचं. पाय जुळवून, गुडघे सरळ. तुम्ही मागून बघायचं. पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा वर दिसली, की इकडे पाठवायचं. उभं असताना खांदे, कंबर, खांद्यामागची पसरट हाडं एका पातळीत आहेत का तेही बघायचं. दहा ते चौदा या वयात, दर सहा महिन्यांनी."

"एवढंच?"

"एवढंच. बाकी आम्ही बघतो."

तीन मिनिटंसुद्धा लागली नव्हती. सर जिना उतरून खाली आले आणि औषधांच्या दुकानासमोरच्या कठड्यावर बसले. बासष्ट अंश, सात तास, दोन सळ्या, आणि हे शिकायला तीन मिनिटं लागत होती. भर दुपारी, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, बावन्न वर्षांचा तो ताठ कण्याचा माणूस ओंजळीत तोंड घालून रडला. एका म्हातारीनं पाण्याची बाटली पुढे केली आणि विचारलं, "कोण गेलं, बाबा?" 

शाळेत त्यांनी तपासणी सुरू केली. मुलांना ते स्वतः बघायचे. मुलींसाठी विज्ञानाच्या बाईंना शिकवलं. ग्रंथालयाच्या मागची खोली, दाराला पडदा, एका वेळी एकच मूल. मोठ्या बाई आधी कुरकुरल्या. "पालक उद्या माझ्या अंगावर येतील. उघडी पाठ म्हणजे काय!" सर म्हणाले, "येऊ देत. माझ्याकडे पाठवा." पहिल्या वर्षी चारशे मुलांत तिघांना पुढे पाठवलं. दोघांचं काही निघालं नाही. तिसरी सहावीतली मुलगी होती, महा दंगेखोर, एका जागी दोन मिनिटं टिकेल तर शपथ. तिची आई खरंच अंगावर आली.

"माझ्या धडधाकट पोरीत खोट काढता? उद्या चार लोकांत पसरलं म्हणजे? तुम्हाला दुसरे उद्योग नाहीत का?"

सरांनी तिला बसायला खुर्ची दिली. आणि जे त्या दुसऱ्या आईला सांगता आलं नव्हतं, ते या परक्या बाईला पहिल्यांदा, एका दमात सांगितलं. तिरपी म्हटलं ते. बाकावर बसवलं ते. कपाटाच्या दाराचं, दप्तराचं, लोंबणाऱ्या पावलाचं. काही लपवलं नाही, काही मऊ केलं नाही.

बाईचा आवाज खाली आला. "मग तुम्ही नोकरीवर कसे राहिलात?" तिनं विचारलं.

"कुणाला माहीत नाही. तुम्ही पहिल्या."

ती उठली आणि निघून गेली. पण सोमवारी मुलीला घेऊन हॉस्पिटलात गेली. वळण सव्वीस अंश निघालं. पट्टा बसला. दिवसातले अठरा तास, झोपेतसुद्धा. पोरीनं आकाशपाताळ एक केलं. पट्टा पलंगाखाली लपवला, एकदा तर शाळेच्या गच्चीवर टाकून आली. आणि सरांना मैदानावर बघितलं की तोंड फिरवायची. "सगळं तुमच्यामुळं," असं तोंडावर म्हणायची. सर म्हणायचे, "हो. माझ्यामुळंच. घालून ये." तीन वर्षं असं चाललं. शेवटी वाढ थांबली, पट्टा सुटला आणि वळण एकोणतीसवरच थांबलं. ऑपरेशनची गरज उरली नाही. आई खोकाभर केक घेऊन सरांच्या घरी आली, दारातच पाया पडायला वाकली. सरांनी तिला मधेच धरलं.

ती गेल्यावर बायको म्हणाली, "आता तरी ते ओझं उतरवा. एक पोर वाचवलंत."

"ही एक वेगळी," सर म्हणाले. "तिच्या जागी नाही धरता येत." केक तसाच राहिला. शेवटी बायकोनं तो शेजाऱ्यांत वाटला.

सर निवृत्त झाले. तपासणीच्या आठवड्यात शाळा त्यांना बोलावत राहिली, नव्या मास्तरांना शिकवायला. मावशीच्या गावाचा पत्ता मिळवून त्यांनी दोन पत्रं लिहिली होती. उत्तर आलं नाही, आणि यायला हवं होतं असंही त्यांना वाटलं नाही.

पुढे एकदा मुलानं पाठवलेलं पार्सल आणायला ते मोठ्या पोस्टात गेले. रांग लांब होती. खिडकीशी पोचून चिठ्ठी आत सरकवली आणि काचेपलीकडे बघितलं. पंचविशीची तरुणी, मान आणि पाठ एका सरळ रेषेत. चिठ्ठीवरचं नाव वाचून तिनं वर बघितलं.

 मागचा माणूस खोकला.

"इथं सही करा सर," ती म्हणाली.

सरांनी सही केली. सही वाकडी गेली.

"आई कशी आहे?"

"गेली. दोन वर्षं झाली." मग चिठ्ठीवर शिक्का मारता मारता तिनं विचारलं, "अजून मुलांच्या पाठी बघता म्हणे?"

"बघतो."

"आईला कुणीतरी सांगितलं होतं. शेवटपर्यंत तुमचं नाव काढायची. म्हणायची, सरांनी तीनदा लिहून पाठवलं होतं, माझंच चुकलं." तिनं शिक्का बाजूला ठेवला. "मी तिला खरं काय ते कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं."

 ती माउली सगळा दोष आपल्या पदरात बांधून गेली होती. एका वाक्यानं तो सोडवता आला असता, आणि ते वाक्य सरांनी त्या दिवशी मोठ्या बाईंच्या खोलीत गिळलं होतं. मान खाली घालून ते म्हणाले, "ते माझं काम होतं."

"हो," ती म्हणाली. "तुमचंच होतं."

पार्सल आणायला ती खुर्चीवरून उठली. कंबर न वळवता, अख्खं अंग एकदम फिरवून. डावं पाऊल फरशीवर आपटत, घासत, कपाटांच्या रांगेकडे जाऊ लागली. तिकडे बघवत नव्हतं. तरी सरांनी मान वर केली आणि ती परत येईपर्यंत नजर हलवली नाही.